राज्यातील बाल दारिद्र्याचे अंदाज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिल्हा नियोजनाची टिपणे, संस्थांचे प्रकल्प प्रस्ताव, बातम्या, विद्यार्थ्यांचे प्रबंध अशा सगळ्या ठिकाणी 'राज्यात इतके टक्के बालके गरीब' असे वाक्य सापडते. तो आकडा कुठून येतो, कसा काढायचा आणि कुठे घसरायला होते, याबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उदाहरणे मुख्यतः महाराष्ट्राची आहेत, पण पद्धत कोणत्याही राज्याला लागू पडते.

महाराष्ट्रात किती टक्के मुले गरीब आहेत? एकच आकडा सांगा.

तसा एकच आकडा नाही. जे दोन आकडे सर्रास वापरले जातात ते मुलांचे नसून सर्व वयांच्या लोकांचे आहेत. पहिला २०११-१२ चा: तेंडुलकर समितीच्या पद्धतीने नियोजन आयोगाने काढलेला, महाराष्ट्रात १७.३५ टक्के लोक दारिद्र्यरेषेखाली (ग्रामीण २४.२२, शहरी ९.१२). दुसरा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणावरून काढलेल्या नीती आयोगाच्या बहुआयामी दारिद्र्य निर्देशांकाचा (आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान यांतली वंचितता मोजणारा): २०१५-१६ मध्ये १४.८० टक्के, २०१९-२१ मध्ये ७.८१ टक्के.

'महाराष्ट्रातील ७.८१ टक्के बालके गरीब' असे वाक्य दिसले, तर लिहिणाऱ्याने लोकसंख्येचा आकडा उचलून मुलांना चिकटवला आहे असे समजा. मुलांचा आकडा हवा असेल, तर त्याच सर्वेक्षणाची कुटुंबवार माहिती घेऊन तो वेगळा काढावा लागतो. तो जवळजवळ नेहमीच एकूण लोकसंख्येच्या आकड्यापेक्षा जास्त येतो. देशपातळीवर ऑक्सफर्डची संस्था आणि संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम मिळून जो जागतिक निर्देशांक काढतात, त्यात २०१९-२१ च्या माहितीवरून भारतातील २१.८ टक्के मुले गरीब ठरली आणि प्रौढ १३.९ टक्के. घरे तीच आणि सर्वेक्षणही तेच.

असे का होते? मुले काय वेगळ्या घरांत राहतात?

हो, एका अर्थी राहतात. गरीब घरांत मुले जास्त असतात, म्हणून मुले गरीब घरांत जास्त असतात. एक कल्पित वाडी घ्या. दहा घरे. त्यांतली तीन गरीब, प्रत्येकात दोन मोठी माणसे आणि तीन मुले. उरलेल्या सात घरांत दोन मोठी माणसे आणि एक मूल.

गरीब घरे: दहापैकी तीन, ३० टक्के. गरीब मोठी माणसे: वीसपैकी सहा, तेही ३० टक्के. गरीब माणसे, लहानथोर मिळून: छत्तीसपैकी पंधरा, म्हणजे ४२ टक्के. गरीब मुले: सोळापैकी नऊ, म्हणजे ५६ टक्के.

एकाच वाडीचे ३०, ४२ आणि ५६ असे तीन आकडे आले आणि तिन्ही बरोबर आहेत. म्हणून कोणताही आकडा हाती आला की आधी विचारा: टक्के कशाचे? कुटुंबांचे, माणसांचे की मुलांचे? बहुतेक वाद या एका प्रश्नापाशीच मिटतात.

'गरीब मूल' म्हणजे मुलाची गरिबी मोजतात की घराची?

घराची. सर्वेक्षणात घराचा खर्च विचारला जातो, त्याला माणसांच्या संख्येने भागले जाते आणि आलेला दरडोई आकडा घरातल्या प्रत्येकाला सारखा लावला जातो. ताटात कोणाला किती वाढले जाते, शिकवणीला मुलगा जातो की मुलगी, हे त्या भागाकारात कुठेच येत नाही. खर्चावर आधारलेल्या अंदाजात मुलगे आणि मुली जवळपास सारख्याच गरीब दिसतात त्याचे कारण हेच. 'आमच्या जिल्ह्यात मुलगे-मुलींच्या गरिबीत फरक नाही' असा निष्कर्ष या आकड्यांवरून काढू नये. तो फरक मोजलाच गेलेला नसतो.

वयाचीही खात्री करून घ्या. बालहक्क कराराप्रमाणे मूल म्हणजे १८ वर्षांखालील. शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाचा, उंची-वजनाचे आकडे ५ वर्षांखालचे, जनगणनेचा बालकांचा तक्ता ० ते ६ चा. चार वेगळ्या वयांचे आकडे एका तक्त्यात बसवले की ते वाचणाऱ्याची दिशाभूल करतात.

खर्चावरून दारिद्र्य कसे ठरवतात? रेषा किती रुपयांची?

तेंडुलकर पद्धतीने २०११-१२ ची देशाची रेषा ग्रामीण भागात दरडोई महिना ८१६ रुपये आणि शहरी भागात १,००० रुपये होती. पण राज्याचा अंदाज राज्याच्या रेषेने काढतात, कारण बाजारभाव राज्यागणिक वेगळे असतात. महाराष्ट्राची रेषा ग्रामीण ९६७ आणि शहरी १,१२६ होती; गोव्याची १,०९० आणि १,१३४. देशाची ८१६ रुपयांची रेषा घेऊन महाराष्ट्राच्या खेड्यांचा हिशेब केला तर गरिबी कागदावर बरीच कमी दिसते. ही चूक प्रबंधांत फार आढळते.

रंगराजन समितीने २०१४ मध्ये ९७२ आणि १,४०७ अशी वरची रेषा सुचवली. त्या रेषेने २०११-१२ चे देशातील दारिद्र्य २९.५ टक्के येते, तेंडुलकर रेषेने २१.९. त्यानंतर सरकारने नवी अधिकृत दारिद्र्यरेषा जाहीर केलेली नाही. २०२२-२३ किंवा २०२३-२४ साठी खर्चावर आधारित जो कोणता आकडा दिसेल तो कोणा अभ्यासकाने किंवा संस्थेने स्वतः रेषा पुढे आणून काढलेला असतो. तसे करण्यात गैर काही नाही, मात्र रेषा कशी पुढे आणली ते सांगायलाच हवे.

मग २०११-१२ ची रेषा महागाईने वाढवायची आणि २०२२-२३ च्या खर्चाला लावायची. अडचण काय?

अडचण प्रश्नपत्रिकेत आहे, आणि ती बारकाईने समजून घेण्यासारखी आहे.

तेंडुलकर रेषा ज्या प्रकारे विचारलेल्या खर्चावर बेतली होती त्यात कपडे, पादत्राणे, शिक्षण, रुग्णालयातील उपचार आणि टिकाऊ वस्तू यांचा खर्च मागच्या ३६५ दिवसांचा विचारत, आणि बाकी सगळ्याचा मागच्या ३० दिवसांचा. सुधारित पद्धतीत भाजीपाला, फळे, अंडी, मासे, मटण, खाद्यतेल, मसाले, पेये अशा वस्तूंचा खर्च फक्त मागच्या ७ दिवसांचा विचारतात. महिन्याभरात कितीदा भाजी आणली हे कोणाला नेमके आठवत नाही. आठवड्याचे आठवते. त्यामुळे नोंदलेला खर्च वाढतो आणि घरात काहीही न बदलता गरिबी कमी दिसते.

ऑगस्ट २०२२ ते जुलै २०२३ या काळात झालेल्या कुटुंब उपभोग खर्च सर्वेक्षणात आणखी बदल झाले. एकाच भेटीऐवजी एका कुटुंबाकडे तीन भेटी, तीन स्वतंत्र प्रश्नपत्रिका: एक अन्नाची, दुसरी रोजच्या वापराच्या वस्तू आणि सेवांची, तिसरी टिकाऊ वस्तूंची. शिवाय सरकारी योजनांतून फुकट मिळालेल्या वस्तूंची (धान्य, सायकल, शालेय गणवेश इत्यादी) किंमत धरून आणि न धरून असे दोन अंदाज दिले आहेत. देशाचा ग्रामीण दरडोई मासिक खर्च न धरता ३,७७३ रुपये आणि धरून ३,८६० रुपये. मोफत शिक्षण आणि मोफत उपचार यांची किंमत दोन्हींत धरलेली नाही. मुलांबद्दल लिहिताना ही बाब महत्त्वाची आहे, कारण जिल्हा परिषदेच्या शाळेत जाणारे मूल आणि फी भरून शाळेत जाणारे मूल यांच्या घरांतला एक मोठा फरक त्यामुळे 'खर्च' म्हणून उतरतो.

तेव्हा २०११-१२ आणि २०२२-२३ ची तुलना करायचीच असेल, तर २०११-१२ चा सुधारित पद्धतीने विचारलेला खर्च घ्या (तो त्या वर्षी वेगळ्या प्रश्नपत्रिकेत गोळा केला होता), फुकट वस्तू दोन्हीकडे वगळा, आणि तीन भेटींचा परिणाम शिल्लक राहतो हे स्पष्ट लिहा. मधल्या २०१७-१८ च्या सर्वेक्षणाचे निकाल सरकारने माहितीच्या गुणवत्तेचे कारण देऊन प्रसिद्ध केले नाहीत. म्हणून अकरा वर्षांच्या त्या दरीत टेकायला दुसरा खांब नाही.

बहुआयामी निर्देशांकात एखादे घर गरीब कसे ठरते?

नीती आयोगाच्या निर्देशांकात बारा निकष आहेत. पोषण, शालेय वर्षे आणि शाळेतील हजेरी यांना प्रत्येकी १/६ भार. बाल-किशोर मृत्यू आणि मातेचे आरोग्य यांना प्रत्येकी १/१२. स्वयंपाकाचे इंधन, शौचालय, पिण्याचे पाणी, वीज, घर, मालमत्ता आणि बँक खाते या सात निकषांना प्रत्येकी १/२१. वंचिततेची बेरीज १/३ किंवा त्याहून जास्त झाली की घर गरीब, आणि त्या घरातले प्रत्येक माणूस गरीब.

हिशेब करून बघू. समजा सातपुड्यातल्या एका पाड्यावर कुडाचे घर आहे, चुलीवर स्वयंपाक होतो, शौचालय नाही. तीन निकष, ३/२१, म्हणजे ०.१४३. घरात तीन वर्षांची मुलगी आहे आणि तिचे वजन वयाच्या मानाने प्रमाणापेक्षा कमी भरते. पोषणाचे १/६ मिळवा: ०.१४३ + ०.१६७ = ०.३१०. एक तृतीयांशाला थोडे कमी पडले. हे घर निर्देशांकात गरीब नाही, ती मुलगीही नाही. आता याच घरात दूरदर्शन संच, सायकल, दुचाकी अशा मालमत्तेचाही अभाव निघाला, तर आणखी १/२१ मिळून बेरीज ०.३५७ होते आणि सगळे घर गरीब ठरते.

कुठेतरी रेषा आखावीच लागते, त्यामुळे रेषेच्या अलीकडे-पलीकडे अशी घरे राहणारच. पण मुलांसाठी काम करणाऱ्यांनी फक्त गरीब-अगरीब टक्केवारीवर न थांबता ०.२० ते ०.३३ या पट्ट्यात किती मुले आहेत तेही काढावे. एक आजारपण किंवा एका मुलाची शाळा सुटणे त्यांना रेषेपलीकडे ढकलायला पुरते.

आणखी एक गोष्ट: जे घर मुलांविना आहे, ते शाळेच्या हजेरीच्या निकषात आपोआप 'वंचित नाही' धरले जाते. वृद्ध जोडप्यांची घरे जास्त असलेल्या भागांत निर्देशांक खाली दिसण्यामागे हेही एक कारण असते.

लहान मुलाला मोठ्या माणसाइतकाच खर्च कसा धरता? ते योग्य आहे का?

दरडोई पद्धतीत सहा महिन्यांचे बाळ आणि शेतात राबणारा बाप एकच माप. दुसरी रीत म्हणजे सममूल्य मापे: पहिल्या प्रौढाला १, पुढच्या प्रत्येकाला ०.५, मुलाला ०.३. दोन मोठी आणि तीन मुले असलेल्या घराचा खर्च महिना १२,००० असेल, तर दरडोई २,४०० येतात, पण या मापाने ५,००० (कारण एकूण माप २.४ होते). चूक इथे होते: असा आलेला ५,००० चा आकडा दरडोई रेषेशी ताडून बघतात आणि बाल दारिद्र्य झटक्यात नाहीसे होते. माप बदलले तर रेषाही त्याच मापाने नव्याने काढा. ते जमत नसेल, तर दरडोईच ठेवा आणि तसे लिहा.

आम्हाला स्वतः आकडा काढायचा आहे. पायऱ्या सांगा.

खर्च सर्वेक्षणासाठी: कुटुंबवार माहिती सांख्यिकी मंत्रालयाकडून मिळते. प्रत्येक खर्च ३० दिवसांवर आणा: सात दिवसांचा असेल तर ३० ने गुणून ७ ने भागा, वर्षाचा असेल तर ३० ने गुणून ३६५ ने भागा. तीन भेटींत घरातल्या माणसांची संख्या बदललेली असू शकते, म्हणून प्रत्येक प्रश्नपत्रिकेचा दरडोई खर्च तिच्याच माणससंख्येने काढून मग बेरीज करा. यानंतर मुलांकडे वळण्याआधी प्रसिद्ध सरासरी जुळवून बघा. महाराष्ट्राची २०२२-२३ ची सरासरी (फुकट वस्तू न धरता) ग्रामीण ४,०१० आणि शहरी ६,६५७ रुपये आहे. ती जुळत नसेल तर पुढे जाऊ नका. बहुतेक वेळा भारांक (नमुन्यातले एक घर राज्यातल्या किती घरांच्या वतीने मोजायचे तो आकडा) चुकीच्या संख्येने भागलेला असतो किंवा एखादी वस्तू दोनदा मोजलेली असते. माहितीसोबतचे सूचनापत्र पुन्हा वाचा.

सरासरी जुळली की प्रत्येक घराच्या भारांकाला त्या घरातल्या ० ते १७ वयाच्या मुलांच्या संख्येने गुणा. गरीब घरांची ही बेरीज, भागिले सर्व घरांची बेरीज. हाच तुमचा दर. नुसता घराचा भारांक वापरला तर वरच्या वाडीतला ३० टक्क्यांचा आकडा येतो, ५६ चा नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणासाठी: व्यक्तींची फाइल घ्या. वय एचव्ही१०५ मध्ये, नेहमीचा रहिवासी आहे का ते एचव्ही१०२ मध्ये, भारांक एचव्ही००५ मध्ये (दहा लाखांनी भागायचा), राज्य एचव्ही०२४ मध्ये. वंचितता आधी घराच्या पातळीवर काढा आणि नंतर मुलांना लावा. उंचीचा निर्देशांक एचसी७० मध्ये शंभरपट करून ठेवलेला असतो, म्हणजे -२०० म्हणजे उणे दोन; त्याखालचे मूल खुजे, म्हणजे वयाच्या मानाने उंची कमी असलेले. त्याच रकान्यात ९९९६ आणि त्यापुढचे सांकेतिक आकडे 'नोंद अविश्वसनीय' असे सांगतात. ते काढले नाहीत तर संगणक त्या मुलांना भलतेच उंच समजून सुदृढांत मोजतो आणि खुजेपणा कमी दिसतो. हीच चूक पुन्हा पुन्हा होते.

मुलांची संख्या हवी असेल तर सर्वेक्षणातली बेरीज वापरू नका. ती खऱ्या लोकसंख्येपेक्षा कमी भरते. दर सर्वेक्षणातून घ्या आणि २०११ ते २०३६ च्या अधिकृत लोकसंख्या प्रक्षेपणातील त्या वयोगटाला लावा.

आकड्यात चूक किती धरावी?

समजा राज्याच्या नमुन्यात २,००० मुले आहेत आणि दर २० टक्के आला. साधा नमुना असता तर प्रमाण त्रुटी (नमुन्यामुळे आकडा साधारण किती हलू शकतो ते माप) ०.९ टक्क्यांच्या आसपास. पण मुले गावागावांतून गुच्छाने निवडलेली असतात (आरोग्य सर्वेक्षणात एका गावात किंवा वॉर्डाच्या भागात साधारण २२ घरे), आणि एका गावातली घरे एकमेकांसारखी असतात. त्यामुळे विचरण (त्रुटीचा वर्ग) अडीचपट धरले तर त्रुटी १.४ वर जाते आणि दोन्ही बाजूंना तिची दुप्पट धरून अंदाज १७ ते २३ टक्के असा वाचावा लागतो. मागच्या फेरीत २२ आणि यंदा २० आले असतील, तर 'दारिद्र्य घटले' असा मथळा द्यायला हा पुरावा पुरत नाही.

मग जिल्ह्याचा, तालुक्याचा आकडा काढता येईल का?

वरचेच गणित जिल्ह्यासाठी करा. नमुन्यात १२० मुले असतील तर २० टक्क्यांचा खरा अर्थ 'साधारण ९ ते ३१ च्या मध्ये' असा होतो. खर्च सर्वेक्षणातून मुलांचा जिल्हावार आकडा काढून त्यावर क्रमवारी लावणे म्हणजे नशिबाचा खेळ आहे. आरोग्य सर्वेक्षणाचा नमुना जिल्ह्यांसाठीच बेतलेला असल्याने तिथे बरी स्थिती आहे, आणि बहुआयामी निर्देशांकात नंदुरबार राज्यात सर्वांत वर असल्याचे त्यातूनच दिसते. तालुक्यासाठी मात्र कोणतेच सर्वेक्षण थेट पुरे पडत नाही.

जिल्ह्यांची तुलना करताना सीमाही बघा. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. चौथ्या आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) जिल्हे २०११ च्या जनगणनेप्रमाणे होते, पाचव्यात (२०१९-२१) पालघर वेगळा आहे. म्हणजे दोन फेऱ्यांमधला 'ठाण्यातील सुधारणा' हा आकडा बराचसा जव्हार-मोखाडा-विक्रमगड ठाण्याच्या हिशेबातून गेल्याचा आहे.

लहान नमुन्यावर उपाय आहे. सर्वेक्षणाचा कच्चा आकडा आणि शाळा, शिधापत्रिका, जनगणना अशा नोंदींवरून बांधलेले अनुमान यांची सांगड घालायची. नमुना जितका लहान तितका अनुमानाला भार जास्त. रॉबर्ट फे आणि रॉजर हेरियट यांनी १९७९ मध्ये मांडलेली पद्धत याच जातीची. अमेरिकेचे जनगणना खाते दरवर्षी राज्ये, काउंटी आणि शाळा जिल्ह्यांसाठी ५ ते १७ वयाच्या गरीब मुलांचे अंदाज अशा प्रतिमानांनी काढते, आणि शाळांना मिळणारा केंद्रीय निधी त्यावरून वाटला जातो. आपल्याकडे ही पद्धत वापरताना २०११ ची जनगणना फार जुनी झाली आहे, ही मुख्य अडचण.

देशाचे दारिद्र्य २०२२-२३ मध्ये ११.२८ टक्क्यांवर आले, हा आकडा वापरावा का?

तो मोजलेला नाही, पुढे खेचलेला आहे. नीती आयोगाच्या जानेवारी २०२४ च्या चर्चापत्रात बहुआयामी दारिद्र्याच्या २०१५-१६ ते २०१९-२१ मधल्या घटीचा वेग पुढच्या वर्षांना लावला आहे. दरम्यान कोविडमध्ये शाळा बंद राहिल्या. आरोग्य सर्वेक्षणाची महाराष्ट्रातील पाहणी तर टाळेबंदीच्या आधीच, जानेवारी २०२० संपण्यापूर्वी आटोपली होती. मुलांबद्दल लिहिताना हा आकडा टाळलेला बरा.

पिवळे आणि केशरी रेशनकार्ड मोजून अंदाज बांधला तर?

नको. अन्न सुरक्षा कायद्याचा राज्याचा वाटा आधीच ठरलेला आहे: महाराष्ट्रात ग्रामीण ७६.३२ टक्के, शहरी ४५.३४ टक्के. कार्डांची संख्या त्या मर्यादेबद्दल सांगते, गरिबीबद्दल नाही. २००२ च्या दारिद्र्यरेषेखालील यादीलाही हेच लागू.

कुपोषणाचा आकडा बाल दारिद्र्य म्हणून चालेल?

नाही. २०१९-२१ मध्ये महाराष्ट्रात पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले खुजी आणि २५.६ टक्के रोडावलेली (उंचीच्या मानाने वजन कमी) होती. त्याच वेळी बहुआयामी दारिद्र्य ७.८१ टक्के. म्हणजे 'गरीब नाही' अशा कितीतरी घरांत मूल वाढीत मागे आहे. दोन्ही आकडे शेजारी शेजारी द्या, एकाच्या जागी दुसरा नको.

सर्वेक्षणात कोणती मुले येतच नाहीत?

सर्वांत गरजू त्यांतच असतात. कुठेच ठरावीक मुक्काम नसलेली, सतत फिरती कुटुंबे घरांच्या यादीत नसतात. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या नियमाप्रमाणे अनाथालयातील मुले कक्षेबाहेर राहतात. वसतिगृहातला विद्यार्थी एका माणसाचे वेगळे कुटुंब म्हणून नोंदला जातो, त्यामुळे आश्रमशाळेतले मूल आईवडिलांच्या घरापासून तुटते आणि त्या घराचा दरडोई खर्च वाढलेला दिसतो.

आणि ऊसतोडीची मुले. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात आणि मार्च-एप्रिलात परततात. या काळात पाहणी करणारा गावात गेला तर दाराला कुलूप, आणि यादीत 'घर बंद' अशी नोंद. कारखान्यालगतच्या पालांवर तेच कुटुंब यादीत नसते. अशा तालुक्यांसाठी लिहिताना पाहणी कोणत्या महिन्यांत झाली ते तपासा, बंद घरांचे प्रमाण अहवालातून काढून आकड्याच्या शेजारी द्या, आणि शाळांनी दिलेली शिक्षण हमी कार्डे (स्थलांतरित मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावे म्हणून), हंगामी वसतिगृहांचा पट आणि अंगणवाडीतून स्थलांतरित म्हणून नोंदलेली बालके यांची बेरीज वेगळ्या ओळीत मांडा. ती संख्या टक्केवारीत मिसळू नका. दोन्हींचे माप वेगळे आहे.